पॅकेज मॅनेजरची बडबड: किती दाखवायची, किती साठवायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. उबुंटूच्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंदिस्त लिनक्स वातावरणात, तुमचा बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचं काम) आपोआप चालतो. त्यात आधी एपीटी-गेट या पॅकेज मॅनेजरने, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रोग्रामने, सिस्टिमची पॅकेजं बसतात, मग पिपने पायथनची आणि शेवटी एनपीएमने जावास्क्रिप्टची. लॉग हजारो ओळींचा व्हायला लागला म्हणून तुम्ही सगळं आउटपुट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे आलेलं सगळं फेकून देणाऱ्या फाइलमध्ये, सोडून दिलंत. पुढे एकदा बिल्ड लाल झाला, म्हणजे फसला, तेव्हा कारण सांगणारी एकही ओळ हाताशी नव्हती. म्हणून डेव्ह-नल काढलंत आणि ग्रेप ही ओळी निवडणारी कमांड लावून नको त्या ओळी गाळायला लागलात, तर आता इन्स्टॉल फसला तरी बिल्ड हिरवाच राहतो. तुम्हाला तिघांनाही गप्प करणारी एक खात्रीची पद्धत हवी आहे.

तिघांना लागू पडेल असा एक स्विच नाही. पण मला वाटतं, तुमची खरी अडचण वेगळी आहे. लॉग लांब असल्याने सहसा कुणाचं काही बिघडत नाही. बिल्ड पडतो तेव्हा कामाची एक ओळ त्या गर्दीत सापडत नाही, हे त्रासाचं मूळ आहे. तुम्ही गर्दी हटवायला गेलात आणि ती ओळही गेली. मी बरीच वर्षं बिल्डच्या पाइपलाइनी सांभाळतो आहे, आणि या बाबतीत एक नियम कधी सोडत नाही: पडद्यावर काय दाखवायचं आणि फाइलमध्ये काय साठवायचं, हे दोन निर्णय वेगवेगळे घ्यायचे. दाखवायचं मोजकं, साठवायचं सगळं. डेव्ह-नल वापरलं की हे दोन्ही निर्णय एकाच फटक्यात होतात, तेही चुकीच्या बाजूने.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुम्ही स्वतः टर्मिनलसमोर बसून पॅकेज बसवत असाल तर बहुतेक वेळा काहीच बदलू नका. हलणारी पट्टी आणि टक्केवारी त्यासाठीच असते. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, रात्री काही चालत असेल तर गणित निराळं, कारण क्रॉन आलेलं प्रत्येक आउटपुट मेलने पाठवतो, आणि रोज विनाकारण मेल आला की खऱ्या बिघाडाचा मेलही कुणी उघडत नाही. तुमच्यासारख्या बिल्ड सर्व्हरवर आणखी दोन प्रश्न येतात: लॉगला आकाराची मर्यादा आहे का, आणि काम संपल्यावर कंटेनर पुसला जातो का. गिटलॅब या सेवेच्या रनरला, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला, मुळात सुमारे ४ एमबीची मर्यादा असते. त्यापुढचा लॉग कापला जातो, आणि बिल्ड शेवटी पडला असेल तर नेमकी तीच ओळ कापलेल्या भागात जाते. म्हणजे लॉग छोटा ठेवण्याला तुमच्याकडे खरंच कारण असू शकतं.

आता आउटपुटमध्ये असतं काय, ते पाहू. एक असते प्रगती: टक्के, पट्टी, किती केबी उतरले. दुसरं, कामाचं वर्णन: हे पॅकेज उतरवलं, ते उलगडलं, हे आधीच होतं. तिसऱ्या वॉर्निंग, चौथ्या एरर. आणि पाचवा प्रकार म्हणजे सूचना आणि जाहिराती: नवी आवृत्ती आली आहे, इतकी पॅकेजं देणगी मागत आहेत, वगैरे. या पाचांना एकच वागणूक द्यायला गेलं की घोटाळा होतो. प्रगती आणि जाहिराती लॉगमधून बिनधास्त काढा, त्यांचा तिथे कुणाला उपयोग नाही. वर्णन पडद्यावरून काढा पण फाइलमध्ये ठेवा. वॉर्निंग आणि एरर दोन्हीकडे राहू द्या.

प्रगतीच्या ओळी लॉगमध्ये इतका धुमाकूळ का घालतात, हेही समजून घ्या. टर्मिनलवर पट्टी सरकताना दिसते तेव्हा प्रोग्राम नवी ओळ लिहीत नसतो. तो कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेतो आणि त्याच जागी पुन्हा लिहितो. पडद्यावर एक ओळ दिसते, पण फाइलमध्ये प्रत्येक लेखन एकापुढे एक जमा होतं. चांगले प्रोग्राम आपलं आउटपुट टर्मिनलकडे जातंय की फाइलकडे हे स्वतः तपासतात आणि फाइल असेल तर पट्टी आपणहून बंद करतात. म्हणूनच कधी कधी तुमच्या मशीनवर भरभरून बोलणारी कमांड सर्व्हरवर आपोआप शांत असते. त्रास होतो तो ही तपासणी कुठेतरी फसते तेव्हा, आणि त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण एपीटीमध्येच आहे.

एपीटी-गेटला एक क्यू (कमी बोल असं सांगणारा पर्याय) दिला की प्रगतीचे आकडे जातात आणि लॉगमध्ये ठेवण्याजोगं आउटपुट उरतं. दोन क्यू दिले की त्याच्या बाजूने एरर सोडून जवळपास सगळं थांबतं. पण दोन क्यूंचा एक परिणाम पुष्कळांना माहीत नसतो: त्यात होकार गृहीत धरला जातो, म्हणजे वाय पर्याय न देताही तो दिल्यासारखाच असतो. एपीटी-गेटच्या मॅन्युअलमध्येच हे लिहिलं आहे, आणि नुसता कोरडा सराव करणारा पर्याय सोबत नसेल तर दोन क्यू वापरू नका, असंही बजावलं आहे. एकदा वापरून फेकायच्या कंटेनरमध्ये हे ठीक आहे, तिथे होकार हवाच असतो. पण हीच सवय चालू सर्व्हरवर नेली तर एखादं पॅकेज बसवताना दुसरी चार काढावी लागतील असं एपीटी ठरवतो आणि तुम्हाला न विचारता काढूनही मोकळा होतो. चालू सर्व्हरवर माझा एकच क्यू असतो.

स्क्रिप्टमध्ये नुसतं एपीटी वापरत असाल तर ते बदलून एपीटी-गेट करा. एपीटीचं आउटपुट माणसासाठी आहे आणि ते आवृत्तीगणिक बदलू शकतं. पाइपमध्ये, म्हणजे आउटपुट दुसऱ्या कमांडला जोडून, वापरलं तर कमांड लाइन इंटरफेस स्थिर नाही, स्क्रिप्टमध्ये जपून वापरा, असा इशारा तो स्वतःच देतो. या इशाऱ्याच्या ओळींनीही लॉग भरत असतो.

दोन क्यू देऊनही ओळी उरतात अशी तक्रार नेहमी येते. त्या ओळी एपीटीच्या नसतात, तो आत ज्याला कामाला लावतो त्या डीपीकेजीच्या असतात: अमुक पॅकेज उलगडतो आहे, अमुक सेट करतो आहे. त्यातच डेटाबेस वाचत असल्याची ती कुप्रसिद्ध ओळ असते, पाच टक्के, दहा टक्के, पंधरा टक्के करत शंभरापर्यंत एकाच रांगेत चिकटलेली. मी वर म्हटलं ती तपासणी इथे फसते. एपीटी हा डीपीकेजीसाठी एक आभासी टर्मिनल तयार करतो, त्यामुळे समोर माणूस बसला आहे असं डीपीकेजीला वाटतं आणि तो टक्के मोजत बसतो. उपाय म्हणजे ते आभासी टर्मिनल बंद करणं. ओ पर्यायाने डीपीकेजीच्या यूज-पीटीवाय सेटिंगला शून्य ही किंमत द्या. टक्क्यांची माळ जाते. उलगडण्याच्या आणि सेट करण्याच्या ओळी काही प्रमाणात राहतात, त्या फाइलकडे वळवायच्या. त्याबद्दल पुढे सांगतो.

आणखी एक गफलत फार पसरलेली आहे. डेबियन-फ्रंटएंड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला नॉनइंटरॅक्टिव्ह ही किंमत दिली की आउटपुट कमी होतं, असा समज आहे. त्याचा आउटपुटशी संबंध नाही. पॅकेज बसताना जे प्रश्न विचारले जातात ते न विचारता ठरलेलं उत्तर घेण्यासाठी तो आहे. पण आउटपुट दाबलं की त्याचं महत्त्व दुप्पट होतं. टीझेडडेटा हे पॅकेज घ्या: नव्या कंटेनरमध्ये ते तुमचा भौगोलिक विभाग विचारतं आणि उत्तराची वाट बघत थांबतं. आउटपुट दिसत असेल तर प्रश्न दिसतो आणि कारण लगेच कळतं. आउटपुट डेव्ह-नलमध्ये असेल तर बिल्ड नुसताच लटकतो, आणि माणसं नेटवर्कला दोष देत बसतात. तेव्हा आधी प्रश्नांचा बंदोबस्त करा, मगच आवाज कमी करा. हे व्हेरिएबल त्या कमांडपुरतंच लावा, इमेजमध्ये, म्हणजे कंटेनरच्या मूळ साच्यात, कायमचं कोरू नका. नाहीतर पुढे त्या कंटेनरमध्ये हाताने काम करणाऱ्यालाही प्रश्न विचारले जाणार नाहीत.

कॉन्फिगरेशन फाइलचा प्रश्न यापासून वेगळा असतो. बसलेल्या पॅकेजची एखादी कॉन्फिगरेशन फाइल तुम्ही बदलली असेल आणि नवी आवृत्ती तिच्या जागी आपली फाइल आणू पाहत असेल, तर कोणती ठेवू असं डीपीकेजी स्वतः विचारतो. तो वर सांगितलेल्या व्हेरिएबलला जुमानत नाही. त्यासाठी डीपीकेजीला फोर्स-कॉन्फओल्ड किंवा फोर्स-कॉन्फन्यू यांपैकी जे हवं ते द्यावं लागतं. तुम्ही दर वेळी कोऱ्या इमेजपासून सुरुवात करत असाल तर हा प्रसंग क्वचित येईल, पण येतो.

तुम्ही प्रश्नासोबत चिकटवलेल्या लॉगच्या तुकड्यात एपीटी-युटिल्स नसल्याने पॅकेजचं कॉन्फिगरेशन लांबवतो आहे, अशी डेबकॉन्फची (पॅकेजचे प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामची) ओळ आहे. त्यामुळेच बिल्ड पडला असावा असा तुमचा अंदाज दिसतो. तसं नाही. छोट्या इमेजमध्ये ते पॅकेज नसतंच, आणि ही ओळ निरुपद्रवी आहे. स्टँडर्ड एररवर, म्हणजे तक्रारींसाठीच्या वेगळ्या वाटेवर, येते म्हणून काही ठिकाणी लाल दिसते, इतकंच.

पिपचं काम सोपं आहे आणि खरं सांगायचं तर त्याची मांडणी मला सगळ्यात आवडते. एक क्यू दिला की वॉर्निंग आणि त्यावरचं राहतं, दोन दिले की एरर आणि त्यावरचं, तीन दिले की फक्त अतिगंभीर. एकावर थांबा. ही आवश्यकता आधीच पूर्ण आहे अशा ज्या ओळींनी तुमचा लॉग भरला आहे, त्या एका क्यूनेच जातात आणि वॉर्निंग शाबूत राहतात. त्यासोबत लॉग हा पर्याय देऊन फाइलचं नाव सांगा. पडद्यावर शांतता असली तरी त्या फाइलमध्ये पिप सविस्तर नोंद लिहीत राहतो, अगदी वाढीव तपशिलासह. दाखवणं वेगळं आणि साठवणं वेगळं, हे इथे हत्यारातच बांधलेलं आहे. एखाद्या पॅकेजचा सी भाषेतला भाग कंपाइल होताना फसला तर एरवी लपवलेलं कंपायलरचं आउटपुटही पिप आपणहून बाहेर काढतो. प्रोग्रेस-बार ऑफ आणि आवृत्ती-तपासणी बंद करणारा पर्याय हे दोन्ही बिल्ड सर्व्हरवर लावून टाका. पिपचे लांब पर्याय पिप या उपसर्गाने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणूनही देता येतात, त्यामुळे प्रत्येक कमांड बदलत बसावं लागत नाही.

एनपीएमला पायऱ्या जास्त आहेत: सायलेंट, एरर, वॉर्न, नोटिस, एचटीटीपी, इन्फो, व्हर्बोज, सिली. मूळ पायरी नोटिस असते. माणसं घाईत सायलेंट देतात. देऊ नका, कारण तिथे एररही जाते आणि हातात फक्त एक्झिट कोड (शून्य म्हणजे यश, बाकी अपयश) उरतो. लॉगलेव्हल वॉर्न ठेवा; वॉर्निंग खरोखरच पेलवत नसतील तर एरर, त्याखाली जाऊ नका. नो-फंड लावा, त्याने देणगीची ओळ जाते. नो-ऑडिट लावताना मात्र थोडा विचार करा. तो फक्त ओळ लपवत नाही, सुरक्षा तपासणीची विनंतीच पाठवत नाही. बिल्डच्या प्रत्येक फेरीत ती तपासणी नको हे मला मान्य आहे, पण मग ऑडिटची स्वतंत्र पायरी कुठेतरी असायलाच हवी. नाहीतर आवाज कमी करण्याच्या नादात एक संरक्षण निघून जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

एनपीएमबद्दल उलट बाजूचीही एक गोष्ट. सातव्या आवृत्तीपासून अवलंबित पॅकेजांच्या इन्स्टॉल स्क्रिप्टचं आउटपुट मुळातच लपवलं जातं. तिथे तुम्हाला जास्त बोलणारा एनपीएम हवा असू शकतो. एखादं पॅकेज बसल्यावर चालणारी स्क्रिप्ट गडबड करते आहे असा संशय असेल तर फोरग्राउंड-स्क्रिप्ट्स हा पर्याय लावून पाहा. शिवाय होम डिरेक्टरीतल्या डॉट-एनपीएमच्या आत अंडरस्कोर-लॉग्स नावाचा फोल्डर असतो, त्यात अलीकडच्या फेऱ्यांच्या सविस्तर नोंदी असतात. कंटेनर पुसला जाण्याआधी तो फोल्डर उचलून बाहेर ठेवायला विसरू नका.

बाकीच्या पॅकेज मॅनेजर आणि बिल्डच्या हत्यारांचं झटपट सांगतो, कारण उद्या तुमच्याकडे दुसरं काही येईल. मेव्हनला ३.६.१ पासून नो-ट्रान्सफर-प्रोग्रेस हा पर्याय आहे. त्याने नुसत्या डाउनलोडच्या ओळी जातात, बाकीचं राहतं, त्यामुळे सरसकट क्यू देण्यापेक्षा तो बरा. ग्रेडलला कन्सोल प्लेन द्या. डीएनएफ, कार्गो आणि होमब्रू यांना क्यू आहे. कंपोझरला नो-प्रोग्रेस आहे.

आता मुख्य दुखण्याकडे येऊ: ग्रेप लावल्यापासून बिल्ड हिरवाच का राहतो. पाइप जोडला की शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) सर्वात शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड संपूर्ण रांगेचा म्हणून धरतो. तुमची रांग आहे पिप, मग ग्रेप. पिप फसला, एक हा कोड देऊन बाहेर पडला. पण ग्रेपला दाखवण्याजोग्या काही ओळी मिळाल्या, म्हणून त्याने शून्य दिला. शेलच्या लेखी सगळं यशस्वी. इन्स्टॉल फसल्याची बातमी पाइपच्या आतच राहते. इलाज म्हणजे स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट हायफन ओ पाइपफेल. मग रांगेतली कुठलीही कमांड फसली तरी पूर्ण रांग फसली असं धरलं जातं.

पण इथे तीन ठिकाणी ठेच लागते. पहिली: तुमचा शेल कोणता आहे. बॅशमध्ये पाइपफेल आहे, पण डॉकरफाइलमधली (कंटेनरची इमेज बनवणाऱ्या फाइलमधली) रन ही ओळ मुळात एसएचने चालते, आणि उबुंटूत एसएच म्हणजे डॅश. डॅशमध्ये पाइपफेल असेलच असं धरून चालू नका. डॉकरफाइलमध्ये शेल ही सूचना वापरून बॅश घ्या. दुसरी: बिल्ड चालवणाऱ्या सेवांपैकी गिटहब अॅक्शन्समध्ये तुम्ही शेलचा उल्लेखच केला नाही तर लिनक्सवर बॅश येतो, पण पाइपफेलशिवाय. शेल म्हणून बॅश असं स्पष्ट लिहिलं की तोच बॅश पाइपफेलसह येतो. दिसायला दोन्ही सारखे, वागायला वेगळे. तिसरी ठेच सगळ्यात फसवी आहे. ओळी गाळणाऱ्या ग्रेपच्या हाती एकही ओळ उरली नाही तर तो एक हा कोड देतो. म्हणजे पाइपफेल लावल्यावर ज्या दिवशी सगळं सुरळीत होईल आणि सगळ्या ओळी गाळल्या जातील, नेमका त्या दिवशी बिल्ड पडेल. गाळणी लावायचीच असेल तर ग्रेपऐवजी सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडची डिलीट सूचना वापरा. काही उरलं नाही तरी सेड शून्यच देतो.

इन्स्टॉलचं आउटपुट हेड या फक्त सुरुवातीच्या ओळी दाखवणाऱ्या कमांडला मात्र कधीच जोडू नका. ठरलेल्या ओळी झाल्या की हेड निघून जातो, आणि पुढची ओळ लिहायला गेलेल्या इन्स्टॉलरला तुटलेल्या पाइपचा सिग्नल मिळून तो अर्ध्यात मरू शकतो. डीपीकेजी अशा अर्ध्या अवस्थेत सापडला तर पुढे ते निस्तरावं लागतं. शेवटच्या ओळी दाखवणारा टेल चालतो, कारण तो शेवटपर्यंत सगळं वाचतो.

एकंदरीत, गाळणी हा माझा शेवटचा उपाय आहे. कोणती ओळ प्रगतीची आणि कोणती वॉर्निंग हे पॅकेज मॅनेजरला आतून ठाऊक असतं; आपण बाहेरून शब्दांवरून अंदाज करतो. आवृत्ती बदलली, भाषेचं सेटिंग बदललं की मजकूर बदलतो आणि गाळणी एकतर काहीच गाळत नाही किंवा नको ते गाळते.

मी प्रत्यक्षात काय करतो ते सांगतो. प्रत्येक इन्स्टॉलभोवती एक छोटं शेल फंक्शन गुंडाळतो. ते कमांडचं स्टँडर्ड आउटपुट एका फाइलकडे वळवतं आणि मग स्टँडर्ड एररला त्याच्याच मागे लावतं. हा क्रम महत्त्वाचा आहे. उलटा लिहिलात तर एरर पडद्यावरच राहते. कमांड यशस्वी झाली तर पडद्यावर एकच ओळ येते: कोणतं काम झालं आणि किती सेकंद लागले. फसली तर एक्झिट कोड आधी बाजूला ठेवून फाइलच्या शेवटच्या शंभर ओळी आणि फाइलचा पत्ता छापतो, आणि तोच कोड घेऊन बाहेर पडतो. कोड आधी जपायचा, कारण टेल चालला की त्याचा शून्य मूळ कोडावर चढतो. आणि स्क्रिप्टमध्ये सेट हायफन ई असेल तर कमांड नुसती लिहू नका, इफच्या अटीत लिहा. नाहीतर ती फसल्याक्षणी स्क्रिप्ट थांबते आणि शंभर ओळी छापायची वेळच येत नाही. लिहायचा कंटाळा असेल तर मोअरयुटिल्स या पॅकेजमध्ये क्रॉनिक नावाची कमांड आहे. ती यश मिळालं तर काहीच दाखवत नाही आणि अपयश आलं तर सगळं दाखवते. क्रॉनच्या कामांसाठी ती अगदी योग्य आहे. बिल्ड सर्व्हरवर मला स्वतःची फाइल बरी वाटते, कारण यशस्वी फेरीचा लॉगही नंतर तुलनेला लागतो. काल चालत होतं आणि आज नाही, या प्रश्नाचं उत्तर बहुधा कालच्या लॉगमध्येच असतं.

शेवटच्या शंभर ओळी नेहमी पुरतात असं नाही. एनपीएम आणि एपीटी यांची एरर सहसा तळाशी असते. पण कंपायलरची खरी तक्रार वर कुठेतरी असते आणि तळाशी तिचे नुसते परिणाम. म्हणून फसल्यावर एरर या शब्दाभोवतीच्या काही ओळी ग्रेपने वेगळ्या काढून दाखवणं उपयोगी पडतं. इथे ग्रेप चालतो, कारण तो मूळ फाइलला हात लावत नाही. ओळींच्या क्रमावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. स्टँडर्ड आउटपुट फाइलकडे गेलं की बहुतेक प्रोग्राम ते साठवून एकगठ्ठा लिहितात, स्टँडर्ड एरर मात्र लगेच लिहितात. त्यामुळे एरर तिच्या कारणाच्या आधी छापलेली दिसू शकते.

पूर्ण शांततेचाही एक धोका आहे. काही बिल्ड सेवा ठरावीक वेळ काहीच आउटपुट आलं नाही की काम अडकलं असं समजून ते मारतात. सर्कलसीआयमध्ये ही मुदत मुळात दहा मिनिटांची असते. मोठं काम फाइलकडे वळवलंत आणि पडद्यावर काहीच आलं नाही, तर चांगला चाललेला इन्स्टॉल मारला जाईल. फंक्शनमध्येच दर मिनिटाला काम चालू आहे अशी एक ओळ छापणारी पार्श्वभूमीतली छोटी लूप ठेवा, आणि काम संपलं की ती बंद करा.

लॉगची ती पूर्ण फाइल बिल्डच्या आर्टिफॅक्टमध्ये (बिल्डनंतर जपून ठेवलेल्या फाइलींत) चढवा, आणि काम फसलं तरी चढेल अशी अट लावा. बहुतेक सेवांमध्ये मुळात यशस्वी कामाचेच आर्टिफॅक्ट चढतात, हे माणसं हमखास विसरतात. सविस्तर लॉगमध्ये खाजगी रेपॉझिटरीचे पत्ते येतात आणि कुणी टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) थेट पत्त्यातच लिहिलं असेल तर तेही येऊ शकतं, म्हणून ती फाइल कोण उघडू शकतं हे बघून घ्या.

आणि तुमच्या सेवेत लॉगच्या घड्या घालता येत असतील तर आधी तेच करून बघा. गिटहब अॅक्शन्समध्ये ग्रुप आणि एंडग्रुप या खुणा आहेत, गिटलॅबमध्ये सेक्शनच्या खुणा आहेत. इन्स्टॉलचा भाग मिटलेला दिसतो, हवा तेव्हा उघडता येतो, आणि एकही ओळ कुठे जात नाही. लॉगच्या आकाराची अडचण नसेल, तर घडी आणि प्रगतीची पट्टी बंद, एवढ्यावरच माझं काम पुष्कळदा भागतं.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की एनपीएमच्या डेप्रिकेटेड (आता वापरू नयेत अशा पॅकेजांच्या) वॉर्निंग तरी बंद करू का. रोजच्या बिल्डमध्ये त्या वाचून कुणी काही करत नाही, त्यामुळे पडद्यावरून काढायला हरकत नाही. पण आठवड्यातून एकदा आपोआप चालणारं वेगळं काम ठेवा, ज्यात आउटपुट पूर्ण असेल, ऑडिट चालेल आणि निकाल कुणा एकाच्या नावावर जाईल. नाव नसेल तर तोही लॉग कुणी उघडणार नाही.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन: आधी पाइपफेल, कारण खोटा हिरवा बिल्ड हा यातला सगळ्यात मोठा धोका आहे. मग डेव्ह-नल कुठे उरलं असेल तर तिथे फाइल. त्यानंतर तिघांचे क्यू आणि लॉगलेव्हल. बदल झाले की यादीत मुद्दाम अस्तित्वात नसलेलं एखादं पॅकेजचं नाव टाका आणि बिल्ड चालवा, तिघांसाठी वेगवेगळा. बिल्ड लाल व्हायला हवा, ते चुकीचं नाव शेवटच्या पडद्यावर दिसायला हवं आणि पूर्ण लॉग आर्टिफॅक्टमध्ये मिळायला हवा. यांतलं एक जरी झालं नाही तर स्क्रिप्टचा तो तुकडा इथे टाका, टोकन आणि पत्ते काढून. मी बघून सांगतो.